‘समजलं ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर का मिळत नाही?

औषधवाला (धागाकर्ता)

गेली २२ वर्षे मी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो. या धंद्यात डॉक्टरांचे अक्षर लावणे सवयीने जमते, कोणते औषध कोणाबरोबर देऊ नये हेही अभ्यासाने कळते; पण आपण सांगितलेले समोरच्या माणसापर्यंत पोहोचले की नाही, हे ओळखणे मला अजून जमलेले नाही. गेल्या महिन्यात याची लख्ख जाणीव झाली आणि ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

पलीकडच्या वाडीतल्या एक आजी दम्याची औषधे माझ्याकडून नेतात. डॉक्टरांनी त्यांना प्रथमच श्वासातून ओढायच्या कॅप्सूल लिहून दिल्या. ही कॅप्सूल गिळायची नसते. ती एका लहान यंत्रात ठेवायची, यंत्र फिरवले की ती आतल्या आत उघडते, आणि तोंड लावून जोराने श्वास घेतला की पूड छातीत उतरते. मी काउंटरवर यंत्र काढले, एक कॅप्सूल घालून फिरवून दाखवले आणि म्हणालो, "आजी, सकाळी एक, रात्री एक. समजलं ना?" आजी म्हणाल्या, "व्हय." मी पुन्हा विचारले, "नक्की?" त्या म्हणाल्या, "व्हय रं बाबा." तीन आठवड्यांनी त्या पहिल्यापेक्षा जास्त धापा टाकत दुकानाच्या पायऱ्या चढल्या. औषध लागू पडत नसावे असे वाटून मी डॉक्टरांना फोन लावणार होतो, तेवढ्यात सहज म्हणालो, "काल रात्री कसं घेतलंत ते जरा करून दाखवा बघू." आजींनी पिशवीतून डबी काढली, कॅप्सूल तळहातावर घेतली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पानी दे की."

तीन आठवडे त्या रोज दोन कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या. यंत्र घरी फडताळात वरच्या फळीवर, नातवाच्या हाताला लागू नये म्हणून रुमालात गुंडाळून ठेवलेले होते.

माझे काय चुकले, याचा मी बराच विचार केला. ‘कॅप्सूल’ हा शब्द चुकला हे तर खरेच, कारण आजींच्या उभ्या आयुष्यात कॅप्सूल म्हणजे गिळायची वस्तू, आणि मी अर्ध्या मिनिटात करून दाखवलेली गोष्ट त्या सवयीपुढे टिकणार नव्हती. परंतु त्याहून मोठी चूक माझ्या प्रश्नात होती असे मला आता वाटते. ‘समजलं ना?’ यातला ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो. मागे पाच माणसांची रांग उभी आहे, दुकानदार घाईत आहे, आणि अशा वेळी ‘नाही’ म्हणणे म्हणजे चारचौघांत आपले अडाणीपण कबूल करणे. त्या परिस्थितीत मीही ‘हो’च म्हणालो असतो. आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणात ‘टीच-बॅक’ नावाची एक साधी रीत शिकवतात: रुग्णाला समजले का असे विचारायचे नाही, त्याने ते आपल्याला आपल्या शब्दांत परत सांगायचे किंवा करून दाखवायचे. मला ही रीत माहीत होती, एका शिबिरात मी त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या, आणि तरीही २२ वर्षे मी ‘समजलं ना?’ एवढ्यावरच भागवत आलो.

याच संदर्भात एक जुना अभ्यास आठवतो. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टर-रुग्ण भेटींच्या ७४ ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडत असल्याचे दिसले. मी काउंटरवर किती सेकंद थांबतो, हे मोजण्याचे धाडस मी केलेले नाही.

तुमच्या कामात, घरात, समोरच्याला खरोखर समजले याची खातरजमा तुम्ही कशी करता? केवळ ‘मन मोकळे करून बोलावे’ छापाचे उपदेश नकोत. प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे, ही विनंती.

जनरल_ओपीडी

औषधवाले, तुमच्या धाग्यातला १८ सेकंदांचा आकडा वाचून मला राग येणार होता, पण खोटे कशाला बोला. सकाळच्या तीन तासांत मी ८० रुग्ण तपासतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात, आणि त्यात त्याचे आत येणे, बसणे आणि बाहेर जाताना ‘साहेब, अजून एक विचारायचं होतं’ हेही धरलेले असते. तो ‘अजून एक’ प्रश्नच पुष्कळदा खरा आजार असतो. हल्ली मी तो सुरुवातीलाच विचारून घेतो: "आणखी काय होतंय? अजून काही?" दोनदा विचारले की दाराशी अडणारे गाडे खुर्चीतच सुटते.

मला मात्र वेगळ्याच एका अडथळ्याविषयी लिहायचे आहे. आम्ही वैद्यक इंग्रजीतून शिकतो आणि आजार मराठीतून ऐकतो. पाठ्यपुस्तकातल्या एका शब्दासाठी आपल्या रुग्णांकडे डझनभर शब्द आहेत आणि त्यातला प्रत्येक वेगळे काहीतरी सांगत असतो. गळू झालेले बोट ठणकते, पिकू लागलेली जखम ठुसठुसते, मुतखड्याची कळ येते आणि जाते, कंबरेत चमक भरते किंवा उसण भरते, पोटऱ्यांना गोळे येतात, पित्ताने छातीत जळजळते, मधुमेह्याच्या तळपायांची आग होते, आणि पाळीच्या दिवसांत ओटीपोटात पिळवटून निघते. ‘अंगावरून जातंय’ हे ऐकून पांढरे की लाल असे विचारायचे असते, हे मला पहिल्या नोकरीच्या गावी एका अनुभवी परिचारिकेने शिकवले. मी तोवर त्या बाईंना ‘अंगावरून काय गेलं, गाडी?’ असे विचारून मोकळा झालो होतो. हसू नका, मी तेवीस वर्षांचा होतो आणि शहरात वाढलेला होतो.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असा एक प्रसंग सांगतो. पन्नाशीचे एक शेतकरी सकाळी मोटारसायकलवर मागे बसून आले, चेहरा घामाने डबडबलेला. मी विचारले, "छातीत दुखतंय का?" ते ठामपणे म्हणाले, "नाही." मी पित्ताची गोळी लिहायला घेतली होती. पण घाम काही मनातून जाईना, म्हणून प्रश्न बदलला: "मग छातीत कसं वाटतंय? तुमच्या शब्दांत सांगा." ते म्हणाले, "दुखत नाही हो. कुणी पोतं ठेवल्यागत वाटतंय, पहाटेपासनं." ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. हृदयाच्या वेदनेत पुष्कळ जणांना दुखत नाही, दडपल्यासारखे वाटते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. त्यांनी माझ्या प्रश्नाचे अगदी प्रामाणिक उत्तर दिले होते, कारण त्यांच्या भाषेत दुखणे वेगळे आणि पोते ठेवणे वेगळे. हो-नाहीचा प्रश्न म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात आपला शब्द कोंबणे, हे मला तेव्हा कळले.

‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून पेढे घेऊन आलेले एक कुटुंबही मी पाहिले आहे. त्यावर स्वतंत्र धागा निघेल.

लाइन_क्लिअर

औषधवाले साहेब, मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, आता निवृत्त आहे. तुमचा धागा दोनदा वाचला आणि मनात आले, की तुमच्या आजींना आमचा प्रायव्हेट नंबर लावायला हवा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. फाटकवाल्याला फोन करून ‘गाडी येते आहे, फाटक लाव’ असे सांगितले आणि तो ‘बंद आहे साहेब’ म्हणाला, तर आमच्या नियमात ते उत्तर धरले जात नाही. त्याच्याकडे आकड्यांचा एक छापील तक्ता असतो. आकडे दोन अंकी आणि कोणत्याही क्रमात नसलेले. फाटक लावून, कुलूप घालून मगच त्याने त्यातला पुढचा आकडा मला सांगायचा, वापरलेला आकडा खोडायचा, आणि मी तो माझ्या नोंदीत लिहायचा. पुढच्या स्टेशनकडून गाडी पाठवायची परवानगी घेतानाही तसाच नंबर लागतो. आकडा काय आहे याला स्वतःचा काही अर्थ नाही. पण तो मला अंदाजाने लिहिता येत नाही आणि त्याला सवयीने बोलता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो फार मोठा आहे. ‘हो’ हा शब्द झोपेतही तोंडातून निघतो. नंबर निघत नाही.

एका हिवाळ्यातली पहाट आठवते. उसाचा हंगाम होता. फाटकवाला नवा, पण पोरगा चांगला. मी फोन केला, तो लगेच म्हणाला, "बंद आहे साहेब." मी म्हणालो, "नंबर दे." पलीकडे शांतता. मी पुन्हा म्हणालो, "नंबर दे रे." तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं द्या, ट्रॉली अडकलीय." उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रुळांवर होता. तो खोटारडा नव्हता. फाटक आता बंद होईलच, साहेबांना नाही कसे म्हणायचे, या भाबड्या हिशेबाने त्याने ‘हो’ आधी देऊन टाकले होते. मी त्याला रागावलो नाही, कारण रागावलो असतो तर पुढच्या वेळी त्याने ट्रॉलीचे सांगितले नसते. सिग्नल लाल ठेवला आणि गाडी सहा मिनिटे उशिरा सोडली.

आकडे आम्ही सुटे सांगतो, ‘चार सात’ असे. सत्तेचाळीस आणि सत्तावन्न फोनच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. इंजिनातही लोको पायलट आणि त्याचा सहायक पुढचा सिग्नल दिसला की त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसतच असतो, तरी सांगतात. नव्या माणसाला हे पोरखेळासारखे वाटते.

ढगांपलीकडे

लाइन_क्लिअर काकांच्या प्रतिसादाला जोडून एक दाखला देतो, कारण विमानवाहतुकीने हाच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. दाट धुके होते. केएलएम या डच कंपनीचे विमान धावपट्टीच्या टोकाला उभे होते आणि पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान त्याच धावपट्टीवर पुढे चालत होते. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला गेला होता, उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. त्यांच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितले ते शब्द मोघम होते. ‘आम्ही आता उड्डाणाला आहोत’ असा त्यांचा साधारण अर्थ. विमान धावायला लागले आहे असा त्याचा अर्थ होता, आणि जागेवर तयार उभे आहे असाही होऊ शकत होता. नियंत्रकाने दुसरा अर्थ घेतला आणि ‘ओके’ म्हटले. त्यानंतर तो ‘थांबा, मी सांगतो’ असेही म्हणाला, पण नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिकही आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे सांगू लागले, आणि दोन्ही आवाज एकमेकांवर चढून केएलएमच्या कॉकपिटमध्ये मुख्यतः कर्कश शिट्टी पोहोचली. ऐकू आले ते ‘ओके’.

मला यातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग त्यानंतरचा वाटतो. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते पॅन ॲमचे विमान अजून बाजूला झालेले नाही का, असे त्याने विचारले. कॅप्टन त्या कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. त्याने ठासून ‘झाले आहे’ अशा अर्थाचे उत्तर दिले आणि इंजिनिअर गप्प बसला. फाटकवाल्या पोराला ‘साहेब, दोन मिनिटं द्या’ म्हणता आले. या इंजिनिअरला त्या उत्तरानंतर पुन्हा विचारता आले नाही.

त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक आला. नुसते ‘ओके’ म्हणणे बाद झाले आणि मिळालेली परवानगी शब्दशः परत वाचून दाखवण्यावर भर आला. कनिष्ठांनी शंका बोलून दाखवावी आणि ज्येष्ठांनी ती ऐकावी, याचे वेगळे प्रशिक्षणही पुढे जगभर रुजले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळ आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले, त्यातही ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरलेल्या कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे, अशी विभागणी होती. इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान हाही मुद्दा चौकशीत पुढे आला.

उंबरठा

सगळे प्रतिसाद मनापासून वाचले आणि तरीही मतभेद नोंदवते. घर म्हणजे फाटक नव्हे आणि सासरे म्हणजे नियंत्रक नव्हेत. ‘बाबा, मी काय सांगितलं ते परत सांगा’ असे मी माझ्या सासऱ्यांना म्हटले, तर औषधाची वेळ राहील बाजूला आणि चार दिवस अबोला सुरू होईल. आपल्याकडे परत सांगायला लावणे ही शिक्षकाने विद्यार्थ्याकडून करून घ्यायची गोष्ट आहे. वयाने लहान माणसाने मोठ्याला तसे म्हणायची सोय भाषेतच नाही.

शिवाय आपल्या घरांत निम्मे बोलणे सरळ नसतेच आणि ते तसे नसण्यात एक शहाणपणही आहे. लग्नाच्या बोलणीत ‘कळवतो’ म्हणजे नकार, हे दोन्हीकडच्या मंडळींना पोहे संपायच्या आत कळलेले असते. तो स्पष्ट शब्दांत सांगितला असता तर त्या मुलीला विनाकारण लागले असते. नवऱ्याचे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, सासूबाईंचे ‘तुझी मर्जी’ म्हणजे ‘अजिबात नाही’, आणि आईचे ‘मी मेलीच असते तर’ म्हणजे काही विशेष नाही, फक्त रविवारी फोन राहिला होता. हे सगळे ज्याला कळते त्याला संवाद येतो, असेच आपण मानत आलो आहोत. अडचण होते ती ऐकणारा त्या घरातला नसेल तेव्हा, किंवा घरापासून लांब गेलेला असेल तेव्हा.

त्याचा अनुभव मला परदेशात आल्यावर आला. आईने मोबाइलवर संदेश पाठवला: ‘परवा डॉक्टरकडे. शुगर वाढलेली.’ आपल्या ‘परवा’ला पुढचे-मागचे काही नसते, ‘गेले होते’ की ‘जायचे आहे’ हे क्रियापद ठरवते, आणि मोबाइलवर लिहिताना नेमके तेच गळते. मी समजले, आई जाऊन आली. वाईट वाटले, काळजीचे दोन शब्द लिहिले, पथ्याची यादी पाठवली. प्रत्यक्षात ती दोन दिवसांनी जायची होती, आणि डॉक्टरांशी फोनवर मी बोलावे म्हणून मला आधी सांगत होती. ठरलेल्या वेळी ती दवाखान्यात फोन हातात धरून बसली आणि मी इकडे झोपले होते. ती रागावली नाही. ‘तू कामात असशील’ एवढेच म्हणाली. हे वाक्य काय आहे ते मराठी मुलींना सांगायला नको.

तेव्हापासून मी एक युक्ती करते. न समजल्याचा दोष स्वतःकडे घेते. "आई, माझ्याच डोक्यात गोंधळ होतोय, गुरुवारी सकाळी म्हणजे तुमच्याकडे दहा वाजता, बरोबर का?" यात तिची परीक्षा नाही, माझीच आहे. सासऱ्यांच्या बाबतीतही हेच चालते: "बाबा, यांनी विचारलं तर मी काय सांगू, कोणती गोळी जेवणाआधी?" ते मग मला समजावून सांगतात, आणि चुकले तर आम्ही दोघे मिळून कागद बघतो.

औषधवाला

उंबरठा ताई, तुमचा मतभेद मान्य आहे आणि युक्ती तर उचललीच. उद्यापासून मी काउंटरवर ‘परत सांगा’ म्हणणार नाही. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय’ असे म्हणेन.

फळा_खडू

लाइन_क्लिअर यांच्या सुट्या आकड्यांवरून: २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘साठ तीन’, ‘सत्तर दोन’ अशाही वाचण्याची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोदांचा पूर आला, विधिमंडळात चर्चा झाली, आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांना ही रीत मुलांना सोपी जावी म्हणून आहे हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. मी स्वतः तेव्हा विरोधात होतो, कारण ‘त्रेसष्ट’ या शब्दाला एक नाद आहे. पण वर्गात ‘एकोणसत्तर’ सांगितले की आजही निम्मी मुले ७९ लिहितात, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर किराणा दुकानदाराने मराठीत हिशेब सांगितला की मोबाइलचा पडदाच बघावा लागतो. नाद माझ्यासाठी आहे, चूक त्यांची होते.

मनकवडा

सगळे जण शब्दांवरच अडून बसले आहेत. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

जनरल_ओपीडी

मनकवडा, तो आकडा इतक्या ठिकाणी सांगितला जातो की तो खोडायचाही कंटाळा येतो, पण इथे खोडणे गरजेचे आहे. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून तो आला. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवला होता, एकात त्याच्या जोडीला चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्याने ओळखायचे होते. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरेच, तेव्हा भावना ओळखताना माणसे चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, इतकाच त्याचा आवाका आहे. सगळ्या संवादाला तो लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितले आहे. औषधवाल्यांच्या आजींना देहबोलीने ९३ टक्के समजले असते तर यंत्र फडताळात गेले नसते. औषधवाल्यांनी तर ते करूनही दाखवले होते.

कानोसा

मी सहसा फक्त वाचते, पण ‘हो’वरून लिहावेसे वाटले. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. यंत्र वापरते. वयाबरोबर किंवा आजाराने कान जातात तेव्हा पुष्कळदा सगळा आवाज सारखा कमी होत नाही; वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. त्यामुळे स्वर ऐकू येतात आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने हरवतात. ‘साखर’ की ‘फाकर’ असले कोडे दिवसभर चालू असते. म्हणून ‘मोठ्याने बोललो तरी कळत नाही’ असे लोक वैतागून म्हणतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेला ‘स’ काही परत येत नाही, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो तो वेगळाच.

आता ‘हो’विषयी. मी दिवसातून वीस वेळा न समजता ‘हो’ म्हणते. पहिल्यांदा ‘काय?’ विचारले की माणूस परत सांगतो. दुसऱ्यांदा विचारले की जरा जोरात सांगतो. तिसऱ्यांदा विचारले की म्हणतो, "जाऊ दे, काही नाही." हे ‘जाऊ दे’ मला सर्वांत जास्त लागते, कारण त्याने त्या बोलण्यातून मला बाहेर काढलेले असते. ते ऐकावे लागू नये म्हणून मी दुसऱ्याच वेळी हसून मान डोलावते. घरात लग्नकार्य असले की माझी मान अखंड डोलत असते, आणि सगळे म्हणतात, ‘काकू किती आनंदी असतात.’

उपयोगी काय पडते तेही सांगते. समोर येऊन, उजेडात, चेहरा दिसेल असे बोलावे. स्वयंपाकघरातला पंखा आणि मिक्सर आधी बंद करावा. एक वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे, कारण जो शब्द एकदा हरवला तो पुन्हाही हरवणार असतो. विषय बदलताना ‘आता गॅसच्या सिलिंडरचं बोलतोय’ एवढे आधी म्हणावे. मग निम्मे शब्द गेले तरी उरलेल्यांवरून मला लागते. माझा धाकटा नातू हे कोणी न शिकवता करतो. तो माझी हनुवटी धरून माझा चेहरा आपल्याकडे वळवतो आणि मग बोलायला लागतो.

लाइन_क्लिअर

कानोसा ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या सौभाग्यवतींना विचारले, की मी किती वेळा ‘जाऊ दे’ म्हणतो. त्यांनी उत्तर दिले नाही, मान डोलावली.

औषधवाला

धागा काढून तीन आठवडे झाले. या काळात श्वासातून औषध ओढणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी माझ्यासमोर एकदा यंत्र हाताळायला लावले. प्रत्येकामागे दोन-तीन मिनिटे जास्त जातात, संध्याकाळी रांग लागली की लोक कुरकुरतात, आणि दोनदा मी स्वतःच कंटाळून जुन्या वाटेने ‘समजलं ना?’ म्हणून मोकळा झालो, हेही लिहून टाकतो. कोणी कॅप्सूल उघडून पूड यंत्रात ओतत होते, एक गृहस्थ श्वास आत घेण्याऐवजी यंत्रात जोराने फुंकत होते. हे सगळे नेहमीचे गिऱ्हाईक, आणि सगळ्यांनी माझ्या प्रश्नाला वर्षानुवर्षे ‘हो’ म्हटलेले. डब्यांवर मी आता ‘कॅप्सूल’ असे लिहीत नाही, ‘ओढायची पूड, गिळू नये’ असे लिहितो. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढतो.

परवा, म्हणजे गेल्या शुक्रवारी, त्या आजी आल्या होत्या. दम पुष्कळ कमी होता. काउंटरवर त्याच वेळी एक मध्यमवयीन बाई पहिल्यांदाच ते यंत्र घ्यायला आल्या होत्या आणि मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आजींनी माझ्या हातातून यंत्र घेतले. "हितं ठेवायची. असं फिरवायचं. आधी सगळा श्वास बाहेर टाक, यात न्हाई, बाजूला. मग ओढ. मग धरून ठेव, धा आकडं मोज. झाल्यावर चूळ भर, न्हाईतर तोंड येतं." त्या बाईंनी जसेच्या तसे करून दाखवले, चूळ भरायला माठाकडेही गेल्या.

चूळ भरायचे मी आजींना कधीच सांगितले नव्हते. विसरलोच होतो. त्यांना तोंड आले तेव्हा त्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून आल्या होत्या.